निळा हातमोजा

मंगळवारी सकाळी तळेऱ्याहून सोनलच्या नणंदेचा, सत्यवतीचा फोन आला, की गुरुवारी येते, तन्वीला घेऊन येते आणि समई घेऊन जाते. सोनल दचकली, आणि फोन ठेवून आधी देवघरासमोरच्या समईशी गेली.

तशी यात दचकण्यासारखी गोष्ट काही नव्हती. तन्वीचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न उरकल्यावर पहिलाच मुहूर्त धरला होता, आणि आपल्या आईची समई लेकीबरोबर द्यायची हे सत्यवतीने तन्वी पाळण्यात होती तेव्हापासून बोलून ठेवलं होतं. त्या समईवर हक्क सांगायची या घरात कुणाची टाप नव्हती. समई जानकीची. जानकी म्हणजे सोनलचे सासरे गणपत मास्तर यांची पहिली बायको, सत्यवतीची आई. सत्यवती तीन वर्षांची असताना ती गेली. तिचा फोटो नाही, पत्र नाही, लग्नातलं लुगडंसुद्धा तिच्याबरोबरच गेलं. मागे राहिली ती देवघरासमोरची ही कमरेइतकी पितळी समई, आणि तिच्या बैठकीवर ठोकून घातलेलं नाव. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची रीतच होती. जानकी या जगात येऊन गेली याचा पुरावा म्हणाल तर तेवढाच.

आणि ते नाव आता नव्हतं. ते सोनलच्या हातून गेलं होतं, आणि हे सोनलशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निदान ती तसं समजत होती.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी तिने कट्टा गावच्या बाजारातून एक निळा हातमोजा आणला. दुकानदाराने टेबलावर फिरवून दाखवला होता. बाहेरून मऊ मऊ झिपऱ्या, आत हात घातला की कुठेही वळतो, पंख्याच्या पात्यावर चालतो, टीव्हीवर चालतो, नक्षीच्या खाचेत शिरतो. सोनल हरखली. घरातली भांडी आणि देव इतकी वर्षं तिची सासू विमलाबाई, मास्तरांची दुसरी बायको, हीच घासत आली होती, पण त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वाकवत नव्हतं. सोनलने मोजा चढवला, पातळ पॉलिश घेतलं आणि समई अशी काही लख्ख केली की स्वतःचंच कौतुक वाटलं. बैठकीवर काहीतरी काळपट रेघोट्या होत्या, त्यांवर जरा जोर दिला. रेघोट्या गेल्यावर तिला आठवलं की त्या रेघोट्या नव्हत्या. 'जान' एवढी दोन अक्षरं ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिथे पुसट दिसत असत. बाकीचं कधीच झिजून गेलं होतं. तिने टॉर्च धरला, समई तिरकी करून पाहिली. पितळ गुळगुळीत होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हे स्थळ सत्यवतीनेच आणलेलं. "माझ्या बघण्यातली मुलगी हा, हाताक वळण आसा," असं सांगून तिनेच सोनलला या घरात आणलं, आणि तेवीस वर्षं सोनल त्या एका वाक्याला जपत आली होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष निघालं.

बुधवारी तिचा नवरा गुरुदास शाळेत शिकवून आला आणि म्हणाला की ताई यायच्या आत समई घासून ठेव. सोनलने नुसतं हूं केलं. निळा मोजा तिने केव्हाचा मिक्सरच्या मागे कोंबून टाकला होता. गुरुवारी सकाळी पाहते तर समई पडवीत आलेली, आणि तिच्याशेजारी पाट घेऊन विमलाबाई बसलेल्या. समोर न्हाणीच्या चुलीतली चाळलेली राख, करवंटीत चिंच, आणि उजव्या हातात त्यांचा तो जुना मोजा. मोजा कसला, गोणपाटाच्या आत जुन्या लुगड्याचं अस्तर घालून शिवलेली पिशवी. मनगटाशी नाडी. असे किती मोजे त्यांनी आयुष्यात शिवले आणि फाडले याला गणती नाही. या घासण्यापायी त्यांच्या अंगठ्याच्या रेघासुद्धा झिजून गेल्या होत्या. रेशन दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा घ्यायचं नाही. सही येत नसलेल्या बाईचा अंगठाही चालेना, तेव्हा दुकानदार डोक्याला हात लावून बसायचा.

सोनल कणीक मळता मळता दारातून पाहत राहिली. सासूने समई वरपासून खालपर्यंत घासली. बैठकीशी आल्यावर मोजा काढला आणि उघडा अंगठा पितळेवर ठेवून हळूहळू फिरवला. एका जागी थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा आणला. मग काही न बोलता त्यांनी मोजा चढवला आणि बाकीची बैठक घासून टाकली. त्या घटकेला सोनलच्या लक्षात यायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

सत्यवती साडेदहाला आली. साठीची बाई, पण चाल अजून शाळेच्या मुख्याध्यापिकेची. तन्वीने वाकून सगळ्यांना नमस्कार केला. चहा झाला, आंबोळ्या झाल्या, लग्नाच्या हॉलची, आचाऱ्याची, फोंडाघाटच्या नातेवाइकांना आमंत्रण द्यायला कोण जाणार याची बोलणी झाली. गुरुदास बहिणीच्या पुढे पुढे करत होता. सावत्र म्हणून कधी कमी पडू नये या काळजीत तो लहानाचा मोठा झाला होता आणि पन्नाशीतही ती काळजी गेली नव्हती. विमलाबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. त्यांच्याशी सत्यवती बोलत नव्हती असं नाही. गुडघे कसे आहेत विचारलं, गोळ्या वेळेवर घेता का विचारलं. पाहुण्याने विचारावं तसं विचारलं.

मग तिने तन्वीला समईशी बसवलं. आपण वाचायला कसे शिकलो ते सांगू लागली. गणपत मास्तर दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवून थकून येत, तेव्हा घरातल्या पोरीने आपणच अक्षरं जुळवावीत असा त्यांचा खाक्या. सहा वर्षांची सत्यवती सापडेल ते वाचायची. काड्यापेटी, कॅलेंडर, रॉकेलचा डबा. एका संध्याकाळी तिने समईवरचं नाव वाचलं आणि बापाला विचारलं, जानकी कोण. त्या दिवशी तिला कळलं की जिला ती आई म्हणते ती तिची आई नाही.

"आता बघ," ती लेकीला म्हणाली, "ह्या तुझ्या आजयेचा नाव."

तन्वीने मोबाइलचा टॉर्च लावला. बैठकीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग आईकडे पाहिलं. सत्यवतीने चष्मा पदराला पुसून परत लावला आणि स्वतः खाली बसली. तिचं बोट पितळेवरून सावकाश फिरत होतं. स्वयंपाकघराच्या दारात सोनलने चौकट धरली होती. बोलायचं तर आत्ता, हे तिला कळत होतं. तिचं तोंड उघडलंही होतं.

"मावशे," सत्यवती वर न बघता म्हणाली, "नाव खंय गेला?"

विमलाबाईंनी खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. त्यांची नजर एकदा, अगदी एकदाच, दारातल्या सोनलवर आली आणि गेली.

"गेला," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातान गेला ता."

 सासूला माहीत होतं. सकाळी अंगठा फिरवला तेव्हापासून नव्हे, गेल्या चतुर्थीपासून माहीत होतं. आणि वर्षभर ही बाई एका शब्दाने बोलली नव्हती.

पुढचं सगळं सत्यवतीने आवाज न चढवता सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं. चोपन्न वर्षं आपण हे मनात ठेवलं, असं ती म्हणाली. लहानपणी दर शनिवारी ती बघायची, मावशी समई घेऊन बसायची आणि बाकी समईवर एकदा मोजा फिरवला तर नावावर दहादा फिरवायची. पोरीला तेव्हाच कळलं होतं ते कशासाठी. वडिलांना सांगायची सोय नव्हती, त्यांना घरात शांतता हवी होती. सासरी गेल्यावर मनाला समजावलं, की पितळ आहे, असं कसं पुसेल.

"पण तुका पुसूचाच होता," ती म्हणाली. "एका मेलेल्या बाईचा नाव तुका इतका खुपला."

गुरुदासचा चेहरा उतरला. आई आणि बहीण यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की तो नेहमी एकाच बाजूला जायचा. आताही गेला.

"आये, तू ह्या काय केलंस?" तो म्हणाला.

पोटच्या पोराने असं विचारल्यावर तरी विमलाबाई काही बोलतील असं सोनलला वाटलं. त्या जमिनीकडे बघत राहिल्या. त्यांच्या मांडीवर तो गोणपाटाचा मोजा होता, आणि सत्यवतीच्या दृष्टीने तोच मुद्देमाल. तन्वीने मध्ये पडून पाहिलं. म्हणाली, मम्मी, आपण परत नाव घालून घेऊ ना, मशीनवर छान घालून देतात. सत्यवती म्हणाली, मशीनवर तुझं घाल. ती उठली. समई नको म्हणाली. कोऱ्या समया बाजारात पुष्कळ मिळतात.

ती पुढच्या अंगणात, खळ्यात उतरली तेव्हा सोनलच्या पायांत बळ आलं. इतका वेळ का आलं नाही याचं उत्तर तिला पुढे कधीच देता आलं नाही. ती आत धावली, मिक्सरमागचा निळा मोजा ओढून काढला आणि अनवाणी खळ्यात आली.

"ताई, आईंनी नाय पुसल्यानी. मी पुसलंय. गेल्या चतुर्थेक, ह्या मोज्यान. माका कळाक नाय, आणि कळला तेव्हा सांगूची हिंमत झाली नाय."

तिला वाटलं होतं, वीज पडेल. तसं काही झालं नाही. सत्यवतीने मोज्याकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू सासवेक झाकतंस, ता बरा आसा. मी तुका ओळखून आणलंय. पण माका खोटा सांगू नको. ह्या कापडान खंय नाव पुसता? नाव पुसूक मन लागता."

सोनल रडायला लागली. जन्मात एकदा खरं बोलायचा धीर केला आणि ते कुणी घेईना. तिने गुरुदासकडे पाहिलं, तो मान फिरवून आंब्याकडे बघत होता. तिने सासूकडे पाहिलं आणि म्हणाली की आई, तुम्ही तरी सांगा.

"तू गप रव गो," विमलाबाई म्हणाल्या.

मग काय मनात आलं कोण जाणे. त्यांनी शेजारची राखेची पाटी ओढली, पडवीच्या लादीवर उपडी केली आणि तळहाताने राख पसरून सारखी केली. रांगोळीआधी जमीन सारवतात तशी. अंगठ्याशेजारचं बोट टेकवून त्यांनी आधी एक लांब आडवी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्या रेघेखाली एकेक दांडा, एकेक वाटोळं काढत गेल्या. लिहिणारा माणूस असं लिहीत नाही. अक्षर पुरं करून पुढच्याकडे जातो. त्यांनी आधी सगळे उभे दांडे काढले, मग पोटं, मग वरचे फरांटे. मध्ये एकदा थांबल्या, डोळे मिटले, बोट हवेत फिरवून पाहिलं आणि परत टेकवलं.

खळ्यातून सगळे पायरीशी आले होते. राखेत लिहिलं होतं: जानकीस आईकडून.

अक्षरं जुन्या वळणाची होती, ठोकणाऱ्याच्या हाताची, थोडी उजवीकडे कललेली. सत्यवतीने पायरीचा आधार घेतला.

"तुका लिवूक येता?" तिने विचारलं.

"नाय गो. ह्या एवढाच येता. बोटाक म्हायत आसा."

ठोकलेल्या खाचेत काळा मळ धरतो, असं त्या सांगू लागल्या. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगू लागल्या. बाकी पितळ काळं पडलं तर एक वेळ चालेल, पण नावात काळोख बसू नये. म्हणून तिथे जास्त घासायचं, राख जास्त घ्यायची. घासता घासता ते उथळ होत गेलं हे बोटाला कळत होतं. उथळ झालं म्हणून मळ लवकर भरे, आणि मळ भरला म्हणून त्या आणखी घासत. थांबायचं कसं ते समजलं नाही. शेवटची दोन अक्षरं सोनलच्या हाताला लागली म्हणून तिच्या हातून गेली, एवढंच. तिची चूक नाही.

सत्यवती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. सोनलला हायसं वाटणार होतं, पण रागाच्या जागी जे आलं ते तिला बघवेना.

"इतका तुका येता होता," सत्यवती म्हणाली, "तर माझ्यासमोर एकदा तरी तिचा नाव कित्याक घेवक नाय? एकदा. मी ह्या घरात बावीस वर्सा होतंय. ती गोरी होती की काळी, माका कोणी सांगूक नाय."

"तुझ्या आजयेन, माझ्या सासवेन, शपथ घातल्यान. घरात तिचा नाव निघाला तर पोर, ह्या चेडू, तुका आई म्हणूचा नाय, म्हणाली. मी गप रवलंय. मगे तू वाचूक शिकलंस, आणि दुसऱ्या दिसा सकाळी माका मावशी म्हणान हाक मारलंस. चाय मागूक. त्या दिसापासून माझी जीभच वळूक नाय."

 त्या सकाळची आठवण सत्यवतीला असावी, कारण तिने डोळे खाली केले. सहा वर्षांच्या पोरीने रागाने टाकलेला एक शब्द, तो तिने साठाव्या वर्षापर्यंत ओढत आणला होता. आज तो बदलायचा तर बदलता आला असता. पडवीत पाच माणसं होती आणि पाचही जणांना ते कळत होतं.  विमलाबाई राखेकडे बघत थांबल्या होत्या. इतक्या आशेने थांबलेली सासू सोनलने याआधी पाहिली नव्हती.

 सत्यवतीने तन्वीला सांगितलं, समई घे. तन्वीने समईचे तुकडे सोडवले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि गाडीत ठेवले. निघताना सत्यवतीने वाकून नमस्कार केला, तोही दर वेळच्यापेक्षा किंचित जास्त वेळ. विमलाबाईंचा हात तिच्या डोक्याकडे गेला, राख लागलेली बघून मागे आला.

"येतंय गो, मावशे," ती म्हणाली.

"ये बाय."

गाडी बांधाच्या वळणावरून गेली. गुरुदास शाळेचं निमित्त करून बाहेर पडला, आईकडे आणि बायकोकडे न बघता. देवघरासमोर लादीवर समईच्या बैठकीएवढं वाटोळं उमटलेलं होतं, तिथला रंग वेगळा. सोनलने निळा मोजा चुलीत टाकला. तो नीट जळेना, वितळून त्याचा वास घरभर झाला. मग ती राख भरायला केरसुणी घेऊन पडवीत आली.

"ऱ्हवांदे," विमलाबाई म्हणाल्या. त्या तशाच बसल्या होत्या. "माका एक सांग. ह्या पयला तिचा नाव, ता माका म्हायत आसा. फुडला काय गो? कोणाक विचारूक गावला नाय."

सोनल त्यांच्याशेजारी बसली. इतकी वर्षं दर शनिवारी ज्यावर हात फिरवला ते काय आहे हे या बाईला माहीत नव्हतं, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"आईकडून," ती म्हणाली. "तिच्या आईनी दिलेली समई, म्हणून."

"आई खंयसर आसा ह्यात?"

सोनलने त्यांचा हात धरून अंगठा दोन अक्षरांवर नेऊन ठेवला. विमलाबाईंनी मान हलवली. ही अक्षरं त्यांच्या ओळखीची होती, यांचं वळण त्यांना सगळ्यांत आवडायचं, असं त्या पुटपुटल्या. आणि सवयीने अंगठा फिरवू लागल्या, हलक्या हाताने, मळ काढावा तसा, गोल गोल. सोनल म्हणाली, आई, पुसता ता. त्यांना ऐकू गेलं नसावं. थोड्या वेळाने अंगठ्याखाली लादी दिसू लागली.